धूळपाटीपासून कांचेच्या पाटीपर्यंत

गणिताच्या इतिहासांत भास्कराचार्यादि थोर गणितज्ञांचीं नांवें येतात, त्यांचे ग्रंथ येतात, सिद्धान्त येतात. परंतु ज्या वस्तूवर लहान मुलानें आपला पहिला आंकडा काढला, त्या वस्तूचा इतिहास लिहिण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. वर लिहिलेलें पुसलें जावें हाच पाटीचा धर्म. तेव्हां तिचा इतिहासहि तिच्याबरोबर पुसला गेला तर नवल नाहीं. आज मात्र तो आठवण्याचें कारण पडलें आहे. पुण्यांतील शाळांतून, आणि शाळांहूनहि अधिक घरांतून, पांचसहा वर्षांचीं मुलें कांचेच्या पडद्यावर बोट फिरवून बेरीज-वजाबाकी शिकूं लागलीं आहेत. कित्येक आईबापांना वाटतें, हें साधन मुलाच्या हातीं दिलें नाहीं तर तें मागें पडेल. कित्येकांना वाटतें, दिलें तर त्याची बुद्धि आळसावेल. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही कीं, अंकगणिताच्या वर्गांत नवें साधन आज प्रथमच शिरत आहे. वस्तुतः गेल्या दोनशें वर्षांत या एका शहरानें असा प्रवेश पुष्कळदां पाहिला आहे. त्या त्या वेळीं काय मिळालें व काय गेलें याचा जमाखर्च मांडला, तर आजच्या प्रश्नाकडे थोड्या शांतपणें पाहतां येईल असें आम्हांस वाटतें.

पेशवाईच्या अखेरची पंतोजीची शाळा डोळ्यांपुढें आणावी. शाळेला स्वतंत्र इमारत नसे. एखाद्या वाड्याची ओटी, देवळाची ओवरी किंवा गृहस्थाची पडवी हीच शाळा. नव्या मुलापुढें धूळपाटी येई. लांकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीचा भुगा पसरलेला असे व हातांत टोंकदार काडी. मुलानें अंक गिरवावा, गुरूनें पाहावा, आणि तळहात फिरवितांच फळी पुन्हां कोरी. कागद महाग होता, धूळ फुकट होती. हें साधन अर्थातच पुण्याच्या पंतोजींनीं शोधून काढलें नव्हतें. अंकगणिताला आपल्याकडे फार प्राचीन काळापासून ‘पाटीगणित’ म्हणत, म्हणजे पाटीवर करावयाचें गणित. त्या कृतीला ‘धूलिकर्म’ असेंहि नांव होतें. इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली गेली, त्या काळच्या गणिती मनुष्याची आंकडेमोड अशाच फळीवर होत असे.

आपले अंक पश्चिमेकडे गेले तेव्हां त्यांच्याबरोबर ही धुळीची फळीहि गेली. इ. स. ९५२ च्या सुमारास दमास्कस येथें अल्-उक्लिदिसी नांवाच्या गणितज्ञानें हिंदी अंकगणितावर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें एक नवी गोष्ट केली. धुळीच्या फळीवरील कृति कागद व शाई यांना सोयीच्या होतील अशा रीतीनें बदलून दाखविल्या. फळीवर गुणाकार-भागाकार करतांना मधले आंकडे पुसून त्यांच्याच जागीं नवे लिहावे लागत, आणि शेवटीं फळीवर उरे तें केवळ उत्तर. कागदावर असें पुसतां येत नाहीं. म्हणून कृतीच अशी मांडावी लागली कीं, तिची प्रत्येक पायरी जशीच्या तशी राहावी. आजचीं मुलें वहींत ज्या रीतीनें भागाकार मांडतात, तिचें बीज या बदलांत आहे.

वाचकांनीं हा फरक ध्यानांत ठेवावा, कारण पुढील विवेचनाचें सूत्र तेंच आहे. साधन बदललें म्हणजे नुसती सोय बदलते असें नाहीं; मुलाच्या चुकीचें पुढें काय होतें तेंहि बदलतें. एखाद्या मुलानें ५२ मधून २७ वजा करून ३५ हें उत्तर काढलें, तर तें आपण निष्काळजीपणाचें फळ समजतों. पण तें तसें नसतें. दोनांतून सात जात नाहींत असें पाहून त्या मुलानें सातांतून दोन काढले आणि पांचांतून दोन काढले; म्हणजे ‘मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करावा’ असा एक नियम त्यानें स्वतः बसविला व तो इमानानें पाळला. हा नियम गुरूला दिसला तर दशकाची एक जुडी सोडून दाखवितांच तो दुरुस्त होतो. दिसला नाहीं तर मुलाबरोबर वर्षानुवर्षें वाढत जातो. सारांश, चूक ही गणिताच्या शिक्षकाची वैद्याच्या नाडीसारखी वस्तु आहे. धूळपाटीचा दोष हा कीं, ती ही नाडी क्षणांत नाहींशी करी. आणि तिचा गुण हा कीं, फळीवर लिहितांना गुरु शेजारींच बसलेला असे.

त्या शाळेंत दुसरेंहि एक साधन होतें. तें दिसत नसे, पण गल्लींत ऐकूं येई. तें म्हणजे उजळणी, आणि दिवेलागणीला घरोघर चालणारा परवचा. एकापासून तीसपर्यंतचे पाढे झाले कीं अपूर्णांकांचे पाढे सुरू होत; पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, हें आज पुष्कळांस सांगावें लागतें. या पाढ्यांचें हल्लीं कौतुक होतें तें स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून; परंतु ते जन्मले बाजाराच्या गरजेंतून. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशीं तोळे. असें जें कोष्टक पुढें इंग्रजी अमलांत स्थिर झालें, त्यांत पाव, अर्धा आणि पाऊण यांच्यावांचून पाऊलहि टाकतां येत नसे. पाऊण रुपया शेर भावानें औट शेर तूप घेतलें तर दाम किती? ज्याला औटकी येते तो बारा औटे बेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये दहा आणे, असें पिशवी हातीं घेईपर्यंत सांगून मोकळा होई. मणास जितके रुपये, अडीच शेरांस तितकेच आणे, हा ठोकताळाहि याच कोष्टकांतून निघतो. कारण चाळिसांस सोळांनीं भागिलें तर अडीचच येतात. पाढा हें खरोखर एक यंत्र होतें. मात्र तें डोक्यांत बसविलेलें असून त्याला ना तेल लागे, ना दुरुस्ती.

या यंत्राचेहि दोष होते. एका सुरांत पाढा चालला असतां कोणी चुकला तर सूर मोडे व चूक कानीं पडे, हें खरें. परंतु घोळक्यांत नुसते ओंठ हलविणाराहि निभावून जाई. शिवाय ज्याला पाढा येतो त्याला त्याचा अर्थ येतोच असें नाहीं. आणि सर्वांत मोठा दोष साधनाचा नव्हे, समाजाचा होता. १८२१ सालीं मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं असें लिहून ठेवलें आहे कीं, इलाख्यांत शाळेवांचून गांव क्वचितच असेल. शिक्षणाचा मोबदला मूठ-दोन मूठ धान्यापासून फार तर महिना रुपयापर्यंत असतो, आणि साधा शेतकरी किंवा लहान दुकानदारहि आपला हिशेब राखण्यास समर्थ असतो. या चित्रांतील रंग कदाचित् थोडे भडक असतील. परंतु तें जसेंच्या तसें खरें धरलें तरी त्यांत मुली जवळजवळ नाहींत. आणि ज्यांना अस्पृश्य लेखलें जाई त्यांच्या मुलांना तर त्या ओटीची पायरीहि बंद होती. धूळ फुकट असली तरी ती सर्वांच्या हातीं लागत नव्हती. साधन स्वस्त झालें म्हणजे तें आपोआप सर्वांचें होतें, हा समज आजहि प्रचलित आहे. म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद केली.

अठराव्या शतकाच्या शेवटीं या धुळीनें समुद्रप्रवासहि केला. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथालयाचे व्यवस्थापक अँड्र्यू बेल यांनीं एका देशी शाळेंत मुलें जमिनीवर पसरलेल्या वाळूंत बोटानें अक्षरें काढीत असलेलीं पाहिलीं, आणि तोच प्रकार आपल्या शाळेंत सुरू केला. वडील मुलानें धाकट्याला शिकवावें हीहि रीत त्यांनीं तेथें चालविली. १७९७ सालीं त्यांनीं इंग्लंडांत या प्रयोगावर पुस्तक छापलें, आणि थोड्याच वर्षांत तिकडील गरिबांच्या शाळांतून वाळूचीं तबकें दिसूं लागलीं. पुढें तीच पद्धति इंग्रजी पोशाख घालून मुंबई इलाख्यांत परत आली, तेव्हां आपल्या लोकांनीं ती विलायती म्हणून घेतली!

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा, म्हणजे त्या वेळचें ‘हिंदु कॉलेज’, उघडलें; आणि १८२३ सालीं गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं शिक्षणावरील आपल्या प्रसिद्ध टिपणांत देशी भाषांतील शाळा व पुस्तकें यांचा पुरस्कार केला. पुस्तकें मात्र नव्हतीं. तीं तयार करविण्याचें काम मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीनें अंगावर घेतलें. त्या मंडळीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्यानें इंग्रजी गणितग्रंथ मराठींत आणले. पुढच्या पिढींत केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांच्यासारखा ज्योतिर्गणितांत गढलेला पुण्याचा विद्वान् मुलांसाठीं अंकगणित लिहावयास बसला. छापील पुस्तक, दगडी पाटी व भिंतीवरचा काळा फळा हीं तीन साधनें आल्यावर वर्गाचें रूपच पालटलें. उदाहरण आतां गुरूच्या तोंडून न येतां पुस्तकांतून येऊं लागलें, आणि एकच उदाहरण चाळीस मुलें एकाच वेळीं सोडवूं लागलीं. हा लाभ थोडा नव्हे. पण त्याबरोबर मुलाची नजर रीतीवरून उत्तराकडे वळली. पुस्तकाच्या शेवटीं उत्तरें छापलीं जाऊं लागल्यावर तर ‘उत्तर जुळलें’ हा शाळेंतला सर्वांत मोठा आनंद होऊन बसला. कसें जुळलें हें विचारणारा एक शिक्षक चाळीस मुलांत कोठवर पुरणार?

गणिताच्या शिक्षणांत काय पणास लागलेलें असतें, हें पुस्तकांतून नव्हे तर १२ मे १८७५ या दिवशीं पुणें जिल्ह्यांतल्या सुपें गांवीं दिसून आलें. त्या दिवशीं बाजार होता. जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें-दुकानें घेरलीं, आणि त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर व हिशेबाच्या वह्यांवर. दंग्याचीं कारणें अनेक होतीं. कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला सारा, जमीन हातची जाण्याची भीति. तथापि कागदावर काय लिहिलें आहे तें आपणांस कळत नाहीं, ही व्यथा त्या सर्वांच्या तळाशीं होती. शेंकडा दरमहा दोन रुपये व्याजानें काढलेले शंभर रुपये, वर्षाअखेर व्याज मुदलांत मिळवीत गेल्यास, तीन वर्षांत जवळजवळ एकशें एक्क्याण्णव होतात. ज्याला हें मांडतां येत नाहीं, त्याला तें पापाचें फळ किंवा सावकाराची जादू वाटावयाची. १८७९ सालीं सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला व सावकारानें पावती आणि हिशेब द्यावा असें त्यांत ठरविलें. परंतु हिशेब हातांत पडला तरी तो वाचतां आला पाहिजे ना?

हें मर्म पुण्यांत ज्यांनीं ओळखलें त्यांत जोतीराव फुले अग्रगण्य होत. १८४८ सालीं भिडे यांच्या वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां धूळपाटीच्या काळापासून बंद असलेली एक पायरी उघडली गेली. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शाळेंत काय शिकवावें याची यादी दिली आहे. तींत मोडी व बालबोध वाचन-लेखन यांच्या जोडीला हिशेब आहेत, आणि शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञानहि आहे. फुल्यांना हिशेब हवे होते ते परीक्षेसाठीं नव्हेत, तर शेतकऱ्यानें आपल्या नांवचा आंकडा आपण तपासावा म्हणून. प्राथमिक गणिताचा याहून मोठा हेतु आम्हांस अद्याप कोणी सांगितलेला ऐकिवांत नाहीं.

यानंतरचा मोठा पालट वर्गांत झाला नाहीं, टांकसाळींत झाला. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले; पुढच्या वर्षापासून मण-शेर जाऊन किलोग्रॅम येऊं लागला. ज्या कोष्टकासाठीं पावकी-अडीचकीचा खटाटोप होता, तें कोष्टकच नाहींसें झालें. मुलांच्या डोक्यावरचें केवढें तरी ओझें एका दिवसांत उतरलें, आणि तें उतरलें हें चांगलेंच झालें. मात्र त्या ओझ्याबरोबर एक गोष्ट नकळत खालीं पडली. पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक पूर्वीं मुलाच्या तोंडांत व हातांत असत. आतां ते पांचवी-सहावींत ‘अंश’ आणि ‘छेद’ म्हणून परक्यासारखे भेटूं लागले. ०·७५ लिहिणाऱ्या मुलाला तो पाऊणच आहे हें ओळखतां येईलच असें नाहीं. साधन निरुपयोगी झालें म्हणून टाकलें. त्याच्या पोटांतली समज वेगळी काढून ठेवावयाची राहून गेली.

१९६७ सालीं पुण्यांत पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झालें. १९८४ सालीं ‘बालचित्रवाणी’ ही संस्था याच शहरांत निघाली, आणि मुलांसाठीं शिकविण्याचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून गांवोगांव जाऊं लागले. ज्या खेड्यांत धड शिक्षक नाहीं तेथेंहि उत्तम शिक्षक पोंचावा, ही त्यामागील कल्पना उदार होती. परंतु दूरचित्रवाणी बोलते, ऐकत नाहीं. ५२ मधून २७ वजा करून ३५ काढणारें मूल पडद्यासमोर बसलेलें असलें, तरी पडदा आपला पुढचा पाठ सांगत जाणार. २०१७ सालीं ही संस्था बंद झाली. तिच्या अस्ताला इतरहि कारणें होतीं. पण जें साधन मुलाची चूक पाहूं शकत नाहीं तें शिक्षकाची जागा घेऊं शकत नाहीं, हा धडा तिच्या आयुष्यांतून सहज निघतो.

पुण्यानें अलीकडे पाहिलेला सर्वांत गमतीचा वाद तर पाटीवरून नव्हे, शब्दांवरून झाला. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘सत्तावीस’ याच्या जोडीला ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचें म्हणणें असें होतें कीं, आपण २७ लिहितांना दोन आधीं लिहितों व बोलतांना सात आधीं बोलतों. शिवाय जोडाक्षरें आडवीं येतात. त्यामुळें कित्येक मुलें आरंभींच गोंधळतात. विरोधकांना यांत मराठीची मोडतोड दिसली, विधिमंडळांत थट्टा झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. नॉर्वे देशानें १९५१ सालीं आपल्या भाषेंत नेमका असाच फेर केला. तेथें तो आग्रह दूरध्वनिखात्याचा होता, कारण क्रमांक सांगतांना अंकांची उलटापालट होई. आम्हांस या वादांत कोणाचा पक्ष घ्यावयाचा नाहीं. ‘सत्तावीस’ हा शब्द आम्हांसहि प्रिय आहे. परंतु त्या विदुषीनें जें केलें तें मुलाच्या चुकीपासून आरंभ करून केलें. मूल ७२ कां लिहितें, असा प्रश्न तिनें विचारला; आणि पुष्कळ टीकाकारांनीं तो प्रश्न ऐकलाच नाहीं. शब्द हेंहि साधनच आहे, आणि त्याचीहि परीक्षा याच कसोटीवर झाली पाहिजे.

आतां कांचेच्या पाटीकडे येऊं. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेली चौकोनी खूण, जिला क्यू. आर. कोड म्हणतात, ती फोनासमोर धरली कीं पाठ बोलूं लागतो. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हापरिषदेच्या शाळेंत रणजितसिंह डिसले गुरुजींनीं हा प्रयोग केला, पुढें ही खूण राज्याच्या पुस्तकांत आली, आणि २०२० सालीं त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीं मार्चांत साथीमुळें शाळा बंद पडल्या, आणि जें साधन हौसेचें होतें तें एकाएकीं एकमेव झालें. ज्या घरांत एकच फोन व तीन मुलें, तेथें धूळपाटीच्या काळचा जुना प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. या काळाचे परिणाम पुढें मोजले गेले. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२२ च्या ‘असर’ पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं सुमारें चतुर्थांशांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनें भागतां आलें. हा आंकडा साथीपूर्वींहि फारसा बरा नव्हता, हें येथें सांगितलें पाहिजे. दोष सगळा फोनावर घालून चालणार नाहीं.

यंत्रानें बुद्धि मंदावते काय, याचीहि परीक्षा झालेली आहे. १९८६ सालीं अमेरिकेंत हेंब्री व डेसार्ट यांनीं गणनयंत्राविषयींच्या ७९ अभ्यासांचा एकत्र विचार केला. नेहमींच्या शिकवण्याला जोड म्हणून यंत्र दिलें असतां मुलांचें कौशल्य घटत नाहीं, उलट सुधारतें, असें त्यांना आढळलें. अपवाद फक्त चौथीचा. त्या वयांत यंत्राचा सतत वापर मूळ कौशल्यास बाधक ठरला. आपल्याकडे वडोदऱ्यास २००२ पासून दोन वर्षें चौथीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. एका संगणकापुढें दोन मुलें, आठवड्यास दोन तास, आणि मुलाच्या उत्तरांप्रमाणें सोपीं-अवघड होत जाणारीं गणितें. मुलांची प्रगति स्पष्ट दिसली. परंतु प्रयोग संपल्यावर वर्षभरानें तींतील पुष्कळ भाग ओसरून गेला होता. यांतून निघतें तें एवढेंच कीं, मुलाच्या पायरीवर उतरणारें यंत्र लाभ देतें, पण तो लाभ टिकविण्यास यंत्राबाहेरचें कांहीं तरी लागतें.

तसें पाहतां कांचेच्या पाटीचा स्वभाव एकच नाहीं. बाजारांतील पुष्कळशा खेळांत मुलापुढें चार उत्तरें येतात. तें ३५ वर बोट ठेवतें, तांबडी फुली येते. मग तें दुसऱ्यावर ठेवतें, तिसऱ्यावर ठेवतें, आणि हिरवी खूण व टाळ्या मिळवून पुढें जातें. त्याची चूक गेली नाहीं, फक्त झांकली गेली. तळहातानें धूळ पुसावी तशी. याच्या उलट उदाहरणहि आहे. १९६७ सालीं सेमूर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनीं मुलांसाठीं ‘लोगो’ नांवाची संगणकभाषा रचली. मुलानें पडद्यावरील कांसवाला इतकीं पावलें चाल, इतका वळ, असे हुकूम द्यावे आणि कांसवानें रेघ ओढावी. चौकोन काढावयास सांगितला व निघाला तिसराच आकार, तर चूक डोळ्यांसमोर रेखलेली राहते, आणि आपला कोणता हुकूम चुकला तें मुलालाच शोधावें लागतें. एकाच कांचेवर हे दोन्ही प्रकार होतात. तेव्हां मुलाला पडदा द्यावा कीं न द्यावा, हा प्रश्नच अपुरा आहे. पडद्यावर त्याच्या चुकीचें काय होतें, हा खरा प्रश्न होय.

असो. दोनशें वर्षांचा हा जमाखर्च मांडून पाहिला तर जमेच्या बाजूस पुष्कळ दिसतें. पाटी, पुस्तक, दशमान नाणें, पडदा, यांपैकीं प्रत्येकानें कोणाच्या तरी डोक्यावरचें ओझें हलकें केलें, आणि कोणाला तरी आंत घेतलें. खर्चाच्या बाजूस एकच रक्कम वारंवार आढळते. ओझें उतरवितांना त्याबरोबर शिकणेंहि उतरलें काय, हें पाहावयास कोणी थांबलें नाहीं. तें पाहण्याचें काम साधनाचें नव्हे. तें पूर्वीं पंतोजीचें होतें, आज शिक्षकाचें आहे, आणि संध्याकाळीं घरीं आल्यावर आपलें आहे. परवचा आतां बहुतेक घरांतून ऐकूं येत नाहीं, आणि तो पुन्हां सुरू करावा असा आमचा आग्रहहि नाहीं. पण मूल हिरवी खूण दाखवीत धांवत आलें, तर शाबासकी देण्यापूर्वीं त्याला शेजारीं बसवून एवढें अवश्य विचारावें कीं, “बाळ, हें कसें काढलेंस?” आणि तें सांगूं लागलें कीं मध्यें न बोलतां शेवटपर्यंत ऐकावें, तें चुकलें असलें तर अधिकच लक्षपूर्वक.